जुन्या गाडीचा मूळ रेडिओ: वीज देण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

गाडीचं पत्रेकाम झालं, रंग झाला, इंजिन बसलं, की सगळ्यात शेवटी लक्ष जातं डॅशबोर्डमधल्या रेडिओकडे. वीस-तीस वर्षं बंद असलेला तो डबा बहुतेकजण एकाच पद्धतीने हाताळतात: दोन वायरी बॅटरीला टेकवायच्या आणि "बघू तरी लागतोय का" म्हणत बटण फिरवायचं. माझ्याकडे जे रेडिओ खरोखर वाईट अवस्थेत येतात, ते बहुतेक या पहिल्या पाच सेकंदांत जळालेले असतात. नुसते पडून राहिलेले सेट सहसा उठतात. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरला आणि फुटलेल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरला मात्र जोड शोधत फिरावं लागतं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. वीज सातव्या टप्प्यावर येते आणि ती तिथेच यायला हवी.

## कामाला लागण्याआधी: रेडिओ कोणत्या पिढीचा?

पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं. ढोबळमानाने तीन प्रकार सापडतात.

व्हॉल्व्ह आणि व्हायब्रेटरचा सेट. साधारण १९५५-५६ पर्यंतच्या गाड्यांत हा असतो. हातात घेतला की वजन जाणवतं. आत काचेचे व्हॉल्व्ह, एक जड ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेटमध्ये खोचलेली, ओढून निघणारी धातूची नळकांडी दिसते. ती नळकांडी म्हणजे व्हायब्रेटर. बॅटरीचा सरळ प्रवाह तो सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा तोडतो-जोडतो, मग ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो आणि आत २०० ते २५० व्होल्ट तयार होतात. बॅटरी ६ किंवा १२ व्होल्टची असली, तरी या सेटच्या आत हात घालणं जिवावर बेतू शकतं.

मिश्र सेट. १९५६-५७ ते १९६२-६३ च्या आसपासचे. यात व्हॉल्व्ह असतात, पण ते थेट १२ व्होल्टवर चालतात. आवाजाचा शेवटचा भाग एका मोठ्या जर्मेनियम पॉवर ट्रान्झिस्टरकडे असतो आणि तो डब्याच्या बाहेरच्या बाजूला, पंखासारख्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवलेला दिसतो. व्हायब्रेटर नाही, त्यामुळे उच्च दाबही नाही.

पूर्ण ट्रान्झिस्टरचा सेट. हलका, चपटा, काचेचं काहीच नसलेला. सुरुवातीचे जर्मेनियमचे, नंतरचे सिलिकॉनचे.

डब्यावरचं लेबल वाचा, मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि सर्किट डायग्राम मिळवा. डायग्रामशिवाय दुरुस्ती होते, पण वेळ तिप्पट लागतो आणि चूक कुठे झाली हेही कळत नाही.

## हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, २५ ते ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न, शिशाचं ६०/४० सोल्डर, बारीक पक्कड, चिमटा, इन्सुलेशन असलेले स्क्रूड्रायव्हर, कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश. शिवाय २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब होल्डरसकट, फ्यूज होल्डर, आणि योग्य ओहमचा एक चालू स्पीकर. व्हॉल्व्हच्या सेटसाठी १० किलो-ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवायला तो लागतो.

वीजपुरवठा गाडीच्या चांगल्या बॅटरीचा घ्या.

> इशारा: साधा जुना बॅटरी चार्जर वीजपुरवठा म्हणून वापरू नका. त्यातून सपाट १२ व्होल्ट येत नाहीत, चढउतार येतो आणि त्याची टोकं १७-१८ व्होल्टच्याही वर जातात. रेडिओ घुमतो, माणसाला वाटतं फिल्टर कपॅसिटर गेला, आणि तो बदलत बसताना ट्रान्झिस्टर जातो.

## टप्पा १: गाडीतून रेडिओ काढणं

बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक आधी सोडवा. "मायनस आधी" असं पाठ असलेले लोक इथे चुकतात, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो. टोक कुठलंही असो, बॉडीचं आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं.

वायरी कापू नका. मूळ जोडण्या, मूळ फ्यूज होल्डर, स्पीकरचा प्लग हे सगळं पुन्हा लागणार आहे. प्रत्येक वायरवर चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि सोडवण्याआधी फोटो घ्या. पुढची बटणं सहसा ओढून निघतात. काहींना बाजूला छोटा स्क्रू असतो, म्हणून जोर लावण्याआधी बटण पूर्ण फिरवून पाहा. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. बटणामागून कापडाची पट्टी घालून दोन्ही बाजूंनी सारखं ओढलं तर ते तुटत नाही.

मागचा आधाराचा पत्रा विसरू नका. पुढच्या दोन नटांवरच रेडिओ लटकत राहिला तर ट्यूनरचा दांडा वाकतो.

## टप्पा २: डोळ्यांनी तपासणी

वरचं-खालचं झाकण काढा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. काय शोधायचं: उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, मेण गळलेले कपॅसिटर, फुगलेली किंवा बुडाशी पांढरी पावडर आलेली इलेक्ट्रोलिटिक नळी, काळा पडलेला रेझिस्टर, तडकलेलं रबरी इन्सुलेशन, आणि आधीच्या कुणीतरी घाईने केलेली दुरुस्ती. शेवटची गोष्ट सगळ्यात घातक. मूळ कारखान्याचं सोल्डर आणि नंतरचं सोल्डर नजरेला लगेच वेगळं दिसतं. जिथे नंतरचं आहे, तिथे डायग्रामशी ताडून पाहा.

धूळ कोरड्या ब्रशने काढा. व्हॉल्व्ह काढायचे असतील तर प्रत्येकावर सॉकेटचा क्रमांक लिहा, पण छापलेल्या अक्षरांना बोट लावू नका, ती पुसली जातात.

ट्यूनिंगची यंत्रणा बघताना हे लक्षात असू द्या: बहुतेक कार रेडिओंत फिरता कपॅसिटर नसतो. सुतासारख्या तारेच्या कॉइलमध्ये लोहचूर्णाच्या बारीक कांड्या आत-बाहेर सरकतात आणि त्यातून स्टेशन बदलतं. या कांड्यांच्या टोकाला स्क्रूसारखी आटी असते. ती फिरवायचा मोह होतो. फिरवू नका. लाखेने बंद केलेला कुठलाच स्क्रू या टप्प्यावर हलता कामा नये.

> इशारा: गंज सोडवणारं तेल ट्यूनरवर, कॉइलवर किंवा पुश-बटणांच्या क्लचवर मारू नका. क्लच घर्षणावर चालतो. त्यावर तेल गेलं की बटण दाबल्यावर काटा अर्ध्यात घसरतो.

## टप्पा ३: अर्थिंग प्लस की मायनस?

ट्रान्झिस्टर असलेला रेडिओ उलटा जोडला तर तो गेलाच समजा. त्यामुळे दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. गाडी आज कशी जोडलेली आहे? आणि रेडिओ आज कसा लावलेला आहे?

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॉडीला प्लस) होत्या. पण मधल्या काळात कुणी आल्टरनेटर बसवताना गाडी निगेटिव्ह अर्थ केलेली असू शकते. पुस्तकात काय आहे यावर विसंबू नका, बॅटरीपाशी जाऊन वायर बॉडीला कुठून जाते ते बघा.

रेडिओच्या बाजूला किंवा झाकणाखाली ध्रुवता (प्लस-मायनसची बाजू) बदलायचा प्लग, पट्टी किंवा सरकता स्विच असतो का पाहा. नसेल तर आतला मोठा फिल्टर कपॅसिटर बघा. त्याचं प्लस टोक डब्याला जोडलेलं असेल तर सेट पॉझिटिव्ह अर्थचा, मायनस टोक जोडलेलं असेल तर निगेटिव्ह अर्थचा.

व्हायब्रेटरच्या सेटमध्ये वेगळा रेक्टिफायर व्हॉल्व्ह (ट्रान्सफॉर्मरनंतर प्रवाह पुन्हा सरळ करणारा) असेल तर ध्रुवतेने फारसा फरक पडत नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्हच नसेल, तर व्हायब्रेटर स्वतःच ते काम करतो आणि मग ध्रुवता बरोबर असणं सक्तीचं.

रेडिओ आणि गाडी जुळत नसतील आणि बदलायची सोय नसेल, तेव्हा काहीजण रेडिओला रबर गुंडाळून बॉडीपासून वेगळा ठेवतात. हे करू नका. एरियलच्या केबलची बाहेरची जाळी बॉडीला आणि रेडिओच्या डब्याला दोन्हीकडे जोडलेली असते. प्लग खोचला की थेट शॉर्ट.

## टप्पा ४: वीज न देता मोजणी

मीटर ओहमवर ठेवा.

स्पीकर. दोन टोकांमधलं मोजमाप छापलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी येतं. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर सव्वातीन-साडेतीन दाखवतो आणि ते बरोबर आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, "टक" आवाज आला पाहिजे. मग दोन्ही अंगठ्यांनी कोन समान दाबून हलकेच आत ढकला. आतून वाळूसारखं घासल्याचा आवाज आला तर कॉइल चुंबकाला घासते आहे. कोन फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद पुरतो. जाड चिकटपट्टी लावली तर कोनाचं वजन वाढतं आणि आवाज बसका होतो.

स्पीकर बदलायचाच झाला तर ओहम मूळचेच ठेवा. कार रेडिओंत ३, ४, ८, १० असे वेगवेगळे आकडे आढळतात. १० ओहमसाठी बनलेल्या सेटला ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर आउटपुट ट्रान्झिस्टरवर पाचपट बोजा येतो. फार जुन्या सेटच्या स्पीकरला चुंबकाऐवजी फील्ड कॉइल असते, त्याला चार वायरी जातात. तो साध्या स्पीकरने बदलता येत नाही.

पुरवठ्याची वायर. रेडिओचा स्विच चालू करून पुरवठ्याची वायर आणि डबा यांच्यात मोजा. शून्याच्या जवळ आकडा आला तर थांबा. ट्रान्झिस्टरच्या आधी एक जागा बघा: वायर डब्यात शिरते तिथे काही सेटमध्ये इन्सुलेटिंग कागद घालून रिव्हेट केलेली एक पत्र्याची पट्टी असते. ती स्पार्किंगचा आवाज रोखणारा कपॅसिटरच आहे. कागद कुजला की ती डब्याला टेकते.

आउटपुट ट्रान्झिस्टर. मिश्र आणि ट्रान्झिस्टर सेटसाठी ही मोजणी सगळ्यात महत्त्वाची. ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर अशी तीन टोकं असतात. बेस आणि एमिटरच्या वायरी सोडवल्याशिवाय मोजू नका, कारण सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मरची कमी ओहमची कॉइल त्यांच्या समांतर असते आणि चांगला ट्रान्झिस्टरही शॉर्ट वाटतो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर या दोन्ही जोड्यांत एका दिशेने ०.१ ते ०.३ व्होल्ट दिसले पाहिजेत. सिलिकॉनचे ०.६ इथे शोधू नका. उलट दिशेने थोडी गळती दिसली तरी जर्मेनियममध्ये ते चालतं. कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी शून्य आले तर ट्रान्झिस्टर गेला.

त्याच्याखालची अभ्रकाची चकतीही बघा. डायग्राममध्ये ती दाखवलेली असेल तर कलेक्टर आणि डबा यांच्यात शॉर्ट असता कामा नये. ट्रान्झिस्टर काढलाच आहे तर जुनी कडक झालेली पेस्ट पुसून नवी पातळ लावा.

एमिटरचा रेझिस्टर. अनेक सेटमध्ये तो ०.३३ किंवा ०.४७ ओहमचा असतो आणि फ्यूजचंही काम करतो. तो आतून तुटलेला असेल तर नुसता बदलून पुढे जाऊ नका. तो कशामुळे उडाला हे आधी शोधा.

> पडताळणी: स्पीकर चांगला, पुरवठ्यात शॉर्ट नाही, ट्रान्झिस्टर चांगला. या तिन्हीला हो असेल तरच पुढे.

## टप्पा ५: कपॅसिटर

कागद-मेणाचे कपॅसिटर बघण्यातही वेळ घालवू नका, सगळे बदला. कागद ओलावा धरतो आणि गळू लागतो. चांगला दिसणारा आणि मीटरवर मूल्य बरोबर दाखवणारा कपॅसिटरही २०० व्होल्टखाली गळतो. जागी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे बसवा, मूल्य तेच आणि व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. इलेक्ट्रोलिटिकही बदला, १०५ अंशांचे घ्या. उन्हात डॅशबोर्डमागे चांगलंच तापतं. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे सहसा शाबूत असतात, त्यांना हात लावू नका.

एका वेळी एकच कपॅसिटर काढा आणि त्याच्या जागचा नवा लगेच बसवा. "सगळे काढून मग सगळे लावू" असं करणाऱ्यांच्या सेटमध्ये एखादी वायर हमखास शेजारच्या टॅगवर जाते. पॉझिटिव्ह अर्थच्या मिश्र किंवा ट्रान्झिस्टर सेटमध्ये इलेक्ट्रोलिटिकचं प्लस टोक डब्याला जातं. सवयीने उलटं लावलं तर तो फुटतो.

मोठी मूळ ॲल्युमिनियमची नळी दिसायला हवी असेल तर ती जागेवर राहू द्या. मात्र तिच्या वायरी सोडवा आणि नवे कपॅसिटर चासीखाली लावा. जुना निकामी कपॅसिटर नव्याच्या समांतर ठेवायचा नाही.

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये दोन कपॅसिटर सगळ्यांत आधी:

बफर कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या कॉइलवर असतो. मूल्य छोटं, बहुधा ०.००५ ते ०.०१ मायक्रोफॅरडच्या आसपास, पण व्होल्टेज १६०० किंवा त्याहून जास्त. डायग्राममध्ये आहे तेच मूल्य लागतं, जवळपासचं चालत नाही, कारण व्हायब्रेटरचे कॉन्टॅक्ट उघडताना पडणारी ठिणगी हाच सांभाळतो. जुन्या बफरवर सेट एकदाही चालू करू नका. तो शॉर्ट झाला की ट्रान्सफॉर्मर जातो.

आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल जिथे शिरतो ते टोक) जाणारा कपलिंग कपॅसिटर. हा गळला की ग्रिडवर प्लस व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर तापतो आणि आवाज फाटतो. नवा लावल्यावरही सेट चालू असताना ग्रिडवर प्लस दिसत नाही ना, हे मोजून घ्या.

सोल्डर करताना जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या पायाला आयर्न आणि ट्रान्झिस्टरच्या मध्ये पकडीने धरा, म्हणजे उष्णता पकडीत जाते. तीन सेकंदांत जोड झाला नाही तर थांबा, गार होऊ द्या, मग पुन्हा करा.

## टप्पा ६: व्हायब्रेटर

मिश्र आणि ट्रान्झिस्टर सेटवाल्यांनी हा टप्पा सोडून द्यावा.

बंद पडलेल्या व्हायब्रेटरचे कॉन्टॅक्ट बऱ्याचदा झिजलेले नसतात. आतल्या स्पंज रबरातून निघालेल्या वायूने त्यांच्यावर वीज न वाहणारा पातळ थर धरलेला असतो. नळकांडीची वळवलेली कड बारीक पक्कडीने हळूहळू उघडा आणि यंत्रणा बाहेर काढा. जाड कार्डाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये घाला, कॉन्टॅक्ट बोटाने मिटून धरा आणि पट्टी ओढून घ्या. पट्टीवर राखाडी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबेपर्यंत नवी पट्टी घेत राहा. खड्डे पडले असतील तरच अगदी बारीक पॉलिश पेपर, दोन-तीन वेळाच. कॉन्टॅक्टमधलं अंतर ठरवणारे स्क्रू आणि पट्ट्या वाकवू नका.

स्वच्छ करूनही चालत नसेल तर त्याच आकाराच्या नळकांडीतला इलेक्ट्रॉनिक व्हायब्रेटर मिळतो. तो घेताना व्होल्टेज, पिनांची रचना आणि ध्रुवता तिन्ही जुळवा.

## टप्पा ७: पहिल्यांदा वीज

स्पीकर जोडला का? स्पीकरशिवाय कार रेडिओ चालू करणं ही आउटपुट ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर घालवायची खात्रीची वाट आहे. स्पीकरच्या वायरी एकमेकींना किंवा डब्याला टेकणार नाहीत, हेही बघा.

मिश्र आणि ट्रान्झिस्टर सेट: १२ व्होल्टच्या पुरवठ्यात २१ वॅटचा बल्ब एकसर जोडा. बटण फिरवा. बल्ब मंद लागला किंवा लालसर राहिला तर ठीक. पूर्ण प्रखर पेटला तर आत शॉर्ट आहे; बंद करा आणि टप्पा ४ ला परत जा. बल्बमुळे सेट जळत नाही, म्हणून या पाच मिनिटांच्या जोडणीचा कंटाळा करू नका.

मंदच राहिला तर बल्ब काढून २ अँपिअरचा फ्यूज लावा (सेटच्या लेबलवर जास्त प्रवाह लिहिला असेल तर त्यानुसार) आणि एमिटरच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. ०.४७ ओहमवर ०.३५ व्होल्ट म्हणजे सुमारे ०.७५ अँपिअर. हा आकडा डायग्रामशी जुळवा, गरज असेल तर बायसच्या (ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह ठरवणाऱ्या) पोटेन्शियोमीटरने कमी करा. मग वीस मिनिटं मीटर तसाच लावून ठेवा. जर्मेनियम तापला की जास्त प्रवाह घेतो आणि जास्त प्रवाहाने आणखी तापतो. आकडा थोडा वाढून स्थिर झाला तर चांगलं. वाढतच राहिला तर लगेच बंद करा.

व्हायब्रेटरचा सेट: इथे उलटं आहे. बल्ब नको आणि व्होल्टेज हळूहळू वाढवणंही नको. कमी व्होल्टेजला व्हायब्रेटरची पट्टी हलत नाही, कॉन्टॅक्ट मिटलेले राहतात आणि ट्रान्सफॉर्मरमधून सरळ प्रवाह वाहत राहतो. पूर्ण व्होल्टेज एकदम द्या, पण फ्यूज लावून. १२ व्होल्टचा सेट साधारण ३ ते ४ अँपिअर घेतो, ६ व्होल्टचा ६ ते ८. बटण फिरवताच व्हायब्रेटरची घरघर ऐकू आली पाहिजे. दोन सेकंदांत आली नाही तर बंद. व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद लागतात, तोवर स्पीकर गप्प असणं स्वाभाविक आहे.

> इशारा: व्हायब्रेटरचा सेट बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये वीज राहते. आत हात घालण्याआधी १० किलो-ओहमचा रेझिस्टर त्याच्या टोकांना काही सेकंद लावा आणि मीटरवर शून्याजवळ आल्याची खात्री करा. सेट चालू असताना मोजायचंच असेल तर एक हात पाठीमागे ठेवा.

## टप्पा ८: आवाज नाही किंवा स्टेशन लागत नाही

शोध नेहमी स्पीकरकडून एरियलकडे घ्या. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायावर एखाद्या चालू यंत्राचा आवाज ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून द्या. तो स्वच्छ ऐकू आला तर व्हॉल्यूमपासून स्पीकरपर्यंतचा अर्धा सेट चांगला, दोष एरियलकडच्या अर्ध्यात. नाही आला तर दोष आउटपुटकडे. अर्धं सर्किट एका मिनिटात बाजूला पडतं.

खरखर बटण फिरवताना येत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो पंचवीस-तीस वेळा पूर्ण फिरवा.

१९६० च्या दशकातल्या युरोपीय सेटमध्ये एएफ ११४ ते एएफ ११७ हे ट्रान्झिस्टर दिसले तर ते आधी तपासा. धातूच्या टोपीच्या आतून कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या भागाला टेकून शॉर्ट करतात. या ट्रान्झिस्टरला चार पाय असतात, चौथा टोपीला जोडलेला. तो चौथा पाय कापला की बहुतेकदा ट्रान्झिस्टर पुन्हा चालतो. उपाय कायमचा नाही, पण दोष कुठे आहे ते पक्कं कळतं. पुढे दोन-तीन पाय एकमेकांत शॉर्ट झाले तर बदलण्यावाचून मार्ग नाही.

सेट "कमजोर" ठरवण्याआधी खोलीतले एलईडी दिवे, मोबाइल चार्जर आणि संगणक बंद करा. मध्यम लहरींवर हे सगळे जोरात गुरगुरतात. मी एक चांगला चालणारा सेट दोन संध्याकाळी उगाच उघडून बसलो होतो. टेबलावरचा एलईडी दिवा बंद केला आणि चार स्टेशनं स्वच्छ लागली.

लाखेचे स्क्रू अजूनही फिरवायचे नाहीत. सिग्नल जनरेटर आणि डायग्राम हाताशी असल्याशिवाय अलाइनमेंटला (आतले ट्यूनिंगचे स्क्रू जुळवण्याला) हात घालू नका. इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी (स्टेशनचा सिग्नल सेटच्या आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणला जातो ती) सेटप्रमाणे बदलते, अनेक अमेरिकन सेटमध्ये ती २६२.५ किलोहर्ट्झ असते तर इतरत्र ४५५ किंवा ४७०. कानाने "अंदाजे" जुळवलेला सेट जागेवर आणायला दिवस जातो.

## टप्पा ९: डायल, दिवा, बटणं

काचेच्या डायलवरचे आकडे काचेच्या मागच्या बाजूला रंगवलेले असतात आणि तो रंग काळाने सुटलेला असतो. एका डायलची मागची बाजू मी ओलसर फडक्याने एकदाच पुसली होती. फडकं उचललं तेव्हा ६०० ते ८०० पर्यंतचे आकडे फडक्यावर आले होते. आजही ती काच माझ्याकडे आहे, अर्धी कोरी. पुढची बाजू ओल्या कापडाने पुसा. मागच्या बाजूला कोरडा मऊ ब्रश, तोही आकड्यांपासून दूर.

डायलचा दिवा मूळच्याच वॅटचा लावा. जास्त प्रकाशासाठी मोठा लावला तर प्लास्टिकची डायल वाकते. सरकत्या भागांवरचं घट्ट झालेलं ग्रीस काडीने काढा आणि हलकं ग्रीस टाचणीच्या टोकाएवढंच लावा. पुश-बटणावर स्टेशन बसवायचं असेल तर स्टेशन लावा, बटण बाहेर ओढा आणि पूर्ण आत दाबा.

## टप्पा १०: गाडीत बसवणं आणि इंजिनचा आवाज

फ्यूज मोजलेल्या प्रवाहाच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. डबा जिथे बॉडीला टेकतो तिथला नवा रंग नाण्याएवढा खरवडा. रिस्टोअर केलेल्या गाडीत नव्या रंगामुळे अर्थिंग तुटणं ही फार नेहमीची चूक आहे. एरियलच्या बुडाशीही तेच.

इंजिन चालू करा. आवाज आला तर एरियलचा प्लग काढून बघा. आवाज गेला तर तो एरियलमधून येतो, म्हणजे स्पार्क प्लगच्या वायरी, अर्थिंग, बॉनेट यांकडे बघा. तसाच राहिला तर तो पुरवठ्याच्या वायरीतून येतो.

इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी टकटक ही इग्निशनची असते. रेझिस्टन्स असलेल्या प्लग वायरी किंवा सप्रेसर लावा, आणि कॉइलच्या इग्निशन स्विचकडच्या टोकावर १ मायक्रोफॅरडचा सप्रेशन कपॅसिटर. पॉइंटकडच्या टोकावर तो कधीच नाही, इंजिन नीट चालणार नाही. वेगाबरोबर चढणारी शीळ डायनॅमोची. तिच्यासाठी तसाच कपॅसिटर डायनॅमोच्या मुख्य आउटपुट टोकावर लावा, फील्डच्या टोकावर नाही. त्याचा रेग्युलेटरवर परिणाम होतो. बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये वेणीची तार लावली की बरीच खरखर कमी होते.

मोबाइलमधून गाणी ऐकायला आत जोड घेतली असेल, तर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत मोबाइल त्याच गाडीच्या चार्जरला लावून रेडिओला जोडू नका. मोबाइलची अर्थ बॅटरीच्या मायनसला जाते आणि रेडिओचा डबा प्लसला असतो. ऑडिओची बारीक वायर त्यांच्यामध्ये येते आणि जळते.

## टप्पा ११: एरियल ट्रिमर

एरियल ट्रिमर म्हणजे रेडिओला त्या गाडीच्या एरियलशी जुळवणारा छोटा स्क्रू. हा टप्पा टेबलावर करता येत नाही आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. पूर्ण दुरुस्त झालेला सेट "पूर्वीसारखा पकडत नाही" अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो.

आधी एरियल मोजा. मधली तार ते दांड्याचं टोक: जवळपास शून्य ओहम. मधली तार ते बाहेरची जाळी: जोड अजिबात नसावा. तिथे काही हजार ओहम दिसले तर बुडाशी ओलावा शिरलेला आहे. केबल मूळची हवी. कार एरियलच्या केबलमध्ये मधली तार केसासारखी आणि भोवती पोकळी असते, ती कपॅसिटन्स कमी राहावा म्हणून. टीव्हीची केबल लावली तर मध्यम लहरींचा सिग्नल केबलमध्येच मरतो.

दांडा पूर्ण उंच करा, इंजिन बंद ठेवा, गाडी इमारतींपासून दूर उघड्यावर उभी करा. १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, तरंगलांबी मीटरमध्ये छापलेल्या डायलवर २१४ च्या जवळ, एखादं मंद स्टेशन लावा. जोरदार स्टेशन घेऊ नका, रेडिओ आपोआप आवाज सांभाळून घेतो आणि फरक कळत नाही. एरियलच्या सॉकेटजवळ, कधी बटणामागे, छोटा स्क्रू असतो. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने तो पाव-पाव फेरा फिरवा. आवाज वाढत जाईल, टोकाला पोचेल आणि पुन्हा उतरेल. टोकावर आणून थांबा.

स्क्रू पूर्ण घट्ट किंवा पूर्ण सैल झाला तरी टोक सापडलं नाही, तर दोष ट्रिमरमध्ये नाही. केबल किंवा एरियल चुकीचं आहे. ते बदला आणि पुन्हा जुळवा. टोक सापडलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा एक ठिपका ठेवा. पुढे कधी एरियल किंवा केबल बदलली, तर एवढाच टप्पा पुन्हा करायचा.